जुने संगणक : नुसते ठेवायचे की चालवायचे?

नाणी, टपाल तिकिटे, जुन्या मोटारी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या पंगतीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक मंडळ येऊन बसले आहे. ते आहे जुने वैयक्तिक संगणक मिळवून पुन्हा चालू करणाऱ्यांचे. या छंदाचा कालखंड साधारणपणे जानेवारी १९७५ पासून धरतात. त्या महिन्याच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता, स्मृती अवघी २५६ बाइटची होती. खटके वरखाली करून आज्ञा द्यायची आणि लुकलुकणारे दिवे पाहून उत्तर वाचायचे. १९७७ साली ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तयार संगणक आले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला आणि १९८२ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम, अमेरिकेत कमोडोर ६४. या छंदाकडे बाहेरून पाहणारा म्हणतो, की ही मध्यमवयीन लोकांची बालपणात परतण्याची हौस आहे. हौस त्यात आहेच. पण ती बाजूला ठेवली तरी एक गंभीर प्रश्न उरतो, आणि त्याचे व्यवहारातले उत्तर सध्या बहुतांशी हे हौशी लोकच देत आहेत. तो प्रश्न असा: ज्या वस्तूचा अर्थ ती चालण्यात आहे, ती जपायची म्हणजे नेमके काय करायचे? माझे म्हणणे असे, की संगणक जपणे म्हणजे तो चालू ठेवणे, आणि चालू ठेवायचा तर तो थोडा थोडा बदलावाच लागतो. हे एकदा मान्य केले, की या छंदातले बहुतेक वाद सुटतात आणि कोणता संग्रह मोलाचा व कोणता नुसता महागडा, हेही ठरवता येते.

तांब्याचा हंडा पाणी न भरताही हंडाच राहतो. बंद पडलेला संगणक मात्र निम्माच उरतो. त्याच्या पेटीकडे आणि मदरबोर्डकडे पाहून तो कोणी, कधी, किती खर्चात बनवला ते कळते. पण आज्ञा दिल्यावर तो किती वेळाने उत्तर देई, पडद्यावर अक्षरे कशी उमटत, कोणती चूक झाली की काय होई, हे तो चालल्याखेरीज कळत नाही. शिवाय काचेच्या कपाटात ठेवल्याने तो सुरक्षित राहतो, हा समजही खोटा आहे. न वापरलेला संगणक आतून कुजत असतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे अनेक मदरबोर्डांवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी डाखलेली असे. ती वर्षानुवर्षे पडून राहिली की फुटते, तिच्यातला अल्कधर्मी द्रव तांब्याचे ट्रॅक खात जातो आणि आयसीच्या पायांपर्यंत पोहोचतो. त्याच सुमाराच्या मॅकिंटॉश आणि अमिगा यंत्रांतले, बोर्डाच्या पृष्ठभागावर डाखलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात धातूचा लेप दिलेल्या कागदाचे कपॅसिटर आहेत. त्यांच्या आवरणाला तडे जाऊन ओल शिरते आणि कित्येक वर्षांनी यंत्र सुरू केले की खोलीभर धूर होतो. कमोडोर ६४ चा वीजपुरवठा तर राळेत ओतून बंद केलेला आहे. त्यातला नियंत्रक निकामी झाला की पाच व्होल्टचा दाब वर चढतो आणि आतल्या आयसी उडवतो. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. त्यातले उणे पाच व्होल्ट गायब झाले, की चिपा जळायला वेळ लागत नाही. म्हणून या छंदातला पहिला नियम असा, की सापडलेले यंत्र घरी आणून थेट प्लगमध्ये खुपसायचे नाही. आधी पेटी उघडून बॅटरी काढायची, वीजपुरवठा वेगळा तपासायचा, कपॅसिटर पाहायचे; पिक्चर ट्यूब असेल तर तिच्यात दहा हजार व्होल्टच्या वरचा दाब साठून राहू शकतो, हे ध्यानात ठेवून ज्याला त्यातले कळते त्यानेच हात घालायचा.

यातूनच छंदातला सर्वांत जुना वाद उभा राहतो. कपॅसिटर नवे घातले, वीजपुरवठा नवा बसवला, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह वाचणारा गोटेक लावला, तर मग जुने उरले काय? मूळ भागांचा आग्रह धरणाऱ्यांचा पक्ष पोकळ नाही. कोणत्या कारखान्याचा कपॅसिटर वापरला होता, डाख हाताने दिली होती की यंत्राने, बोर्डावर नंतर कोणती तार जोडून चूक सुधारली होती, हा सगळा पुरावाच असतो आणि उत्साही दुरुस्तीत तो पहिल्या झटक्यात पुसला जातो. पण हा आग्रह बाजाराच्या हातात गेला की विपरीत होतो. १९७६ साली स्टीव्ह वॉझ्नियाकने रचलेले ॲपल-१ चे सुमारे २०० बोर्ड बनले. पुढे कंपनीने ते परत घेऊन ॲपल-२ देण्याची सवलत ठेवली आणि परत आलेले बोर्ड नष्ट केले. उरलेल्यांपैकी एक २०१४ साली हेन्री फोर्ड संग्रहालयाने लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरना घेतला. हा बोर्ड संग्रहालयात गेला. पण अशा किमतीची वस्तू खाजगी मालकाच्या हाती पडली, की तिला वीज लावायचीही त्याला भीती वाटते आणि ती तिजोरीतला ऐवज होऊन बसते. माझ्या मते यावर चित्रे आणि इमारती जपणाऱ्यांची जुनी कसोटी लावावी. जो बदल उलटा फिरवता येतो आणि ज्याची नोंद राहते, तो क्षम्य. नवा आयसी बेस लावून चिप बदलली, जुनी चिप पाकिटात जपली, आधीची छायाचित्रे काढली, तर काही हरवत नाही. याउलट पिवळे पडलेले प्लॅस्टिक पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाचा मारा करण्याची रीत २००८ पासून लोकप्रिय आहे. त्याने रंग बदलतो, पण अनेकदा काही वर्षांत पिवळेपणा परततो, आणि यंत्राच्या चालण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. आपल्याला हवा तेव्हा उलटा फिरवता न येणारा आणि कशालाच न लागणारा हा बदल टाळलेला बरा.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. आजच्या कोणत्याही लॅपटॉपवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे एमुलेटर फुकट मिळतात. मग गळके कपॅसिटर बदलत बसायचे कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि शंभरातल्या नव्वद गरजांना एमुलेटर पुरतो. पण नक्कल खरी की खोटी हे ठरवायला अस्सल लागतेच. २०१५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ‘रिव्हिजन’ मेळाव्यात ‘८०८८ एमपीएच’ नावाचा कार्यक्रम सादर झाला. ४.७७ मेगाहर्ट्‌झच्या मूळ आयबीएम पीसीवर आणि त्याच्या साध्या सीजीए कार्डावर, जिथे एका वेळी चार-सोळा रंगच दिसत असे सारे मानत, तिथे त्याने १०२४ रंग दाखवले. त्यासाठी कार्डाच्या वेळापत्रकातल्या आणि दूरचित्रवाणी-संकेतातल्या बारीक खोडींचा उपयोग केला होता. खऱ्या यंत्रावर तो चालला. त्या वेळचे एमुलेटर मात्र त्यापुढे कोलमडले आणि पुढे त्यांनाच सुधारावे लागले. चौतीस वर्षांच्या यंत्राबद्दल सगळे कळले आहे, हा समज असा खोटा ठरला. कमोडोर ६४ च्या ‘सिड’ या ध्वनिचिपची गोष्ट अशीच आहे. तिच्यातली गाळणी अॅनालॉग असल्याने एका चिपचा आवाज दुसरीसारखा तंतोतंत नसतो. नक्कल करणाऱ्याला कोणता आवाज प्रमाण मानायचा हे अनेक खऱ्या चिपा ऐकूनच ठरवावे लागते. शिवाय एमुलेटर आभाळातून पडत नाहीत. ६५०२ या १९७५ सालच्या प्रोसेसरची चिप उघडून, छायाचित्रे घेऊन, तिच्यातले साडेतीन हजारांच्या आसपासचे ट्रान्झिस्टर एकेक ओळखून तिचे चालते प्रतिरूप २०१० साली हौशी अभ्यासकांनीच तयार केले. स्पेक्ट्रमच्या पोटातली ‘यूएलए’ ही खास चिप कशी चालते याचा ख्रिस स्मिथ यांनी उलटा शोध घेतला, त्यावर पुस्तक लिहिले आणि तीच चिप साध्या, बाजारात मिळणाऱ्या आयसींनी उभी करून ‘हार्लेक्विन’ हा नवा बोर्ड सिद्ध केला. म्हणजे एमुलेटर हा दुरुस्तीला पर्याय असल्याचे सांगितले जाते खरे, पण बारकाईने पाहिले तर तो दुरुस्तीचेच फळ आहे.

चालती यंत्रे आणखी एका कामाला लागतात, आणि सामान्य माणसाला हेच काम सर्वांत लवकर पटावे: त्यांच्यात अडकलेला मजकूर बाहेर काढणे. जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगाचे उद्‌घाटन झाले तेव्हा चित्रकार अँडी वॉरहॉलने रंगमंचावर त्या संगणकावर चित्र काढले होते. त्याने नंतर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात फ्लॉपींवर पडून होती. ती २०१४ साली बाहेर आली, ती कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबमुळे. या मंडळींना फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी साधने ठाऊक होती, आणि चित्रे काढण्याच्या प्रोग्रामच्या कधीच बाजारात न आलेल्या आवृत्तीत जतन केलेल्या फायलींचा आकृतिबंध त्यांनी उलगडला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ च्या ॲपल-२ वरच्या खेळाचा मूळ प्रोग्राम हरवला असे त्याचा कर्ता जॉर्डन मेक्नर धरून चालला होता. २०१२ साली वडिलांच्या घरात डिस्क सापडल्या आणि जुनी यंत्रे चालवणाऱ्यांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या. आणि सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडचे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली लाखो लोकांच्या मदतीने देशाची नवी नोंदवही केली आणि ती लेझर डिस्कवर, बीबीसी मास्टर संगणकासाठी काढली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, तर चामड्यावरची मूळ वही अजून वाचता येते. विद्यापीठांनी एमुलेटर केला, बीबीसीने मजकूर वेबवर आणला, २०१८ साली ते वेबस्थळही बंद होऊन दप्तरात गेले. डिस्कवरचा कच्चा संकेत पुरता टिपून ठेवणारे ‘डूम्सडे ड्युप्लिकेटर’ हे उपकरण मात्र हौशी लोकांनीच रचले, आणि त्याची आकृती सर्वांना खुली ठेवली.

यावर सरळ प्रतिप्रश्न येतो: हे काम संग्रहालयांचे नाही का? आहे, आणि कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम, इंग्लंडमधील ब्लेचली पार्कचे राष्ट्रीय संगणन संग्रहालय अशा संस्था ते करतातही. पण संस्थेचा भरवसा किती धरावा, हे सिएटलने दाखवून दिले. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी ‘लिव्हिंग कॉम्प्युटर्स’ हे संग्रहालय उभारले. नावाप्रमाणे तिथले जुने संगणक चालू असत आणि लोकांना वापरायला मिळत. २०२० साली ते बंद झाले, ते पुन्हा उघडलेच नाही, आणि २०२४ मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या. अब्जाधीशाच्या मागे काय होते ते इथे दिसले. अर्थात खाजगी संग्राहकाच्या मागे काय होते तेही काही वेगळे नाही: वारसांना त्या खोलीभर पेट्यांचे ओझे वाटते आणि त्या मिळेल त्या भावाला जातात. म्हणून दोन्ही बाजूंनी एकच धडा निघतो. एका जागी साठवलेले यंत्र असुरक्षित असते, आणि अनेकांच्या हाती पसरलेले ज्ञान त्याहून टिकाऊ असते. वाचलेल्या रॉमची प्रत, काढलेली बोर्डाची आकृती, लिहून ठेवलेली दुरुस्तीची रीत हे एकदा वाटले गेले की कोणत्याही एका मालकाच्या मरणाने संपत नाही. कायदा याला अजून पुरता अनुकूल नाही. अमेरिकेने २०१८ साली सॉफ्टवेअरच्या जतनासाठी डिजिटल कुलपे तोडण्याची जी सवलत दिली, ती ग्रंथालये, दप्तरखाने आणि संग्रहालयांपुरती होती. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ वैध प्रत बाळगणाऱ्याला नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत काढू देते. ती वाटण्याची मुभा मात्र त्यात नाही.

सुटे भाग कायम मिळतील, या भ्रमातही राहू नये. कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली आणि ‘सिड’सारख्या तिच्या खास चिपा पुन्हा कधी बनल्या नाहीत, सव्वा कोटी ते एक कोटी सत्तर लाख इतके कमोडोर ६४ खपलेले असूनही चांगली चिप आता जपून वापरायची चीज झाली आहे, आणि तिच्या जागी बसणारे आर्मसिडसारखे नवे पर्याय निघाले आहेत. १९७६ पासून बनत असलेल्या झेड-८० या प्रोसेसरचे मूळ रूप बंद करत असल्याचे झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. पुढची पिढी मूळ यंत्रे कमी आणि त्यांची नवी बांधलेली रूपे जास्त चालवील, हे उघड आहे. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, फक्त अट एवढीच, की मूळ यंत्रे हाताशी असतानाच त्यांची मोजमापे घेऊन ठेवली पाहिजेत.

आता आपल्याकडे वळू. या छंदाची बोली आणि त्यातली दैवते पश्चिमेची आहेत: ॲपल, कमोडोर, अमिगा. भारतात ही यंत्रे मोजक्या घरांत होती. आपल्याकडे १९८४ साली शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रो आले. स्पेक्ट्रमचे ‘डीबी स्पेक्ट्रम’ हे परवानाधारक भारतीय रूप डेसिबेल्स या कंपनीने काढले. पण मराठी माणसाच्या कामाधंद्यात संगणक शिरला तो यातल्या कोणत्याच रूपाने नव्हे. तो शिरला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या, कंपनीचे नाव नसलेल्या ‘असेंबल्ड’ २८६, ३८६ आणि ४८६ च्या रूपाने: पतपेढीत, छापखान्यात, डीटीपीच्या दुकानात. संग्राहक यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण त्यांना ना नाव ना भाव. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तीच आपली खरी यंत्रे आहेत. त्यांच्यातल्या काहींत ‘जिस्ट’ कार्ड होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले हे कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवत असे. देशी लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली ठरले. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय आली ती २००० सालच्या आवृत्तीत. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ प्रत्येक डीटीपी पॅकेजचे फाँट वेगळे, त्यातली अक्षरांची मांडणी वेगळी. त्या फाँटशिवाय फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. अनेक पॅकेजांना प्रिंटरच्या खोबणीत बसवायचे हार्डवेअर लॉक लागे. लॉक हरवले किंवा ती खोबण असलेले यंत्र गेले, की पॅकेज विकत घेतलेले असूनही निरुपयोगी. प्रचलित फाँटांसाठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण फ्लॉपी वाचता आली तरच त्यांचा उपयोग. १९९० च्या दशकातली किती दिवाळी अंकांची, किती ग्रंथांची मुद्रणप्रत अशा फ्लॉपींवर असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्या परीने करावा. कोकणातल्या दमट हवेत त्या फ्लॉपींवर बुरशी धरते, आणि ती आपली वाट पाहत थांबत नाही.

आपल्याकडे जुनी यंत्रे फारशी उरली नाहीत, याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नाही. महागडी वस्तू शेवटपर्यंत वापरायची, मग तिचे भाग दुसऱ्यात घालायचे आणि उरलेले भंगारात द्यायचे, ही आपली रीत. एरवी ती कौतुकाची. इथेच शेवटचा आक्षेप येतो, की ई-कचरा रीतसर पुनर्वापराला द्यावा, तो घरात साठवणे म्हणजे पर्यावरणाशी प्रतारणा. सर्वसाधारण कचऱ्याबाबत हे शंभर टक्के खरे आहे, आणि संग्रह या नावाखाली न उघडलेल्या पेट्यांचा ढीग करणाऱ्यांना ते सुनवायलाही हवे. पण जुन्या, सिरॅमिकच्या प्रोसेसरांत सोने तुलनेने जास्त असल्याने भंगाराच्या बाजारात त्यांनाच आधी उचलतात, आणि दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी ॲसिडमध्ये बुडवून त्यांतले सोने काढले जाते. शे-दोनशे यंत्रे त्या वाटेवरून वळवून चालू ठेवल्याने पर्यावरणाचे काही बिघडत नाही. उलट कपॅसिटर बदलणे, तुटलेला ट्रॅक जम्पर वायरने जोडणे, मल्टीमीटर लावून दोष हुडकणे ही कौशल्ये त्यातून टिकतात, आणि वस्तू दुरुस्त करायची सवय हा ई-कचऱ्यावरचा सर्वांत जुना उपाय आहे. आयबीएमने पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा प्रोग्राम छापून दिला होता. आजच्या चिकटवून बंद केलेल्या उपकरणांबद्दल असे काही मिळत नाही, म्हणून ही यंत्रे दुरुस्ती शिकण्याची उत्तम शाळाही आहेत.

तेव्हा निर्णय असा. संग्राहकाची प्रतिष्ठा त्याच्या यंत्राच्या किमतीवर किंवा दुर्मीळपणावर ठरू नये. यंत्र चालते का, केलेला बदल नोंदवला आहे का, त्यातला मजकूर व ज्ञान इतरांपर्यंत पोहोचले का, या तीन प्रश्नांवर ती ठरावी. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असले तरी उरलेल्या दोहोंचे ‘होय’ असेल, तर तो संग्रह मोलाचाच. मराठी वाचकाने यासाठी कमोडोर शोधत हिंडायची गरज नाही. छापखान्याच्या माळ्यावर, प्रकाशकाच्या गोदामात, संस्थेच्या कपाटात जुनी पेटी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढे करावे: वीज न लावता ती उघडून बॅटरी काढावी, फ्लॉपी, हार्डवेअर लॉक, फाँटच्या डिस्क आणि छापील पुस्तिका एका खोक्यात एकत्र ठेवाव्यात, कोणत्या पॅकेजमध्ये काय छापले ते आठवते आहे तोवर लिहून त्या खोक्यात घालावे, आणि मग ते खोके ज्याला फ्लॉपी वाचता येते अशा कोणाकडे सोपवावे. पेटी गेली तरी चालेल, खोके जाऊ देऊ नये.